राजकवी भा. रा. तांबे : गाण्यामागचा दुसरा अर्थ

आपल्याकडच्या लग्नघरांत एक जुने गाणे हमखास लावले जाते. लतादीदींचा आवाज, वसंत प्रभूंची चाल. सासरी निघालेली, मनातून भ्यालेली एक नवरी त्यात बोलत असते. मुलीकडचे डोळे टिपतात, मुलाकडचे कौतुकाने माना डोलावतात. मांडवात एखादे वयस्क आजोबा असले आणि त्यांनी कवितेचे पुस्तक वाचलेले असले, तर ते मात्र जरा चुळबुळतात. कारण त्या गाण्यातली नवरी नवरी नाही आणि नवरदेव नवरदेव नाही. ते गाणे मरणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जीवाचे आहे.

हे गाणे ज्यांनी लिहिले ते भास्कर रामचंद्र तांबे आपल्याच भागातले. मराठी कवी म्हटला की पुणे, नाशिक, कोकण अशी ठिकाणे डोळ्यांपुढे येतात. तांब्यांचे सारे आयुष्य मात्र झाशी, देवास, ग्वाल्हेर या पट्ट्यात गेले. त्यांची गाणी आपल्या घरांत अजून आहेत, पण त्यांचा अर्थ हळूहळू निसटत चालला आहे. म्हणून त्यांच्या आयुष्याबरोबरच त्यांच्या कवितेची भाषा कशी बोलते, हेही इथे पाहू. शाळेत पाठ केलेले उपमा, रूपक, अन्योक्ती हे शब्द त्यासाठी पुन्हा काढावे लागतील. यावेळी ते परीक्षेसाठी नाहीत.

मुंगावली ते ग्वाल्हेर

तांब्यांचा जन्म 1870च्या दशकात मुंगावली या गावी झाला. तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानात होते, आज मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात आहे. पेशव्यांच्या फौजांबरोबर उत्तरेत आलेली मराठी घराणी तोवर इथे अनेक पिढ्या मुरली होती. ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर, धार आणि देवासला पवार. दरबारात आणि कचेरीत मराठी, बाजारात हिंदी, मुशायऱ्यात उर्दू. घरात मोरोपंतांच्या आर्या आणि दाराबाहेर कबीराची भजने अशा वातावरणात हा मुलगा वाढला.

त्यांचे शिक्षण झाशी आणि देवास इथे झाले. झाशी हे नुसते शाळेचे गाव नव्हते. राणी लक्ष्मीबाई 1858 मध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या, त्यानंतर जेमतेम दोन-तीन दशकांत तांबे झाशीत शिकत होते. राणीला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा गावात हयात होती. पुढे तांब्यांनी राणीच्या समाधीवर जी कविता लिहिली, तिचे मूळ तिथेच असावे.

मॅट्रिकनंतर त्यांना महाविद्यालयीन शिक्षण पुरे करता आले नाही. पण वाचन सुटले नाही. संस्कृत काव्य, इंग्रजीतले वर्ड्सवर्थ, टेनिसन आणि ब्राउनिंग, हिंदीतले संतकवी, उर्दू गझल आणि पुढे रवींद्रनाथ, असा त्यांचा वाचनाचा पैस होता. देवासला ते राजपुत्रांचे शिक्षक झाले. त्यानंतर मध्य भारतातल्या संस्थानांत त्यांनी वेगवेगळ्या जागांवर नोकऱ्या केल्या. शेवटी ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात स्थिरावले. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले हे लष्कर. तांब्यांच्या कितीतरी कवितांखाली या गावाचे नाव छापलेले दिसते.

प्रसिद्धीच्या बाबतीत हा कवी उदासीनच होता. कविता लिहावी, रागात गुणगुणावी, मित्राला पत्रातून पाठवावी आणि विसरून जावे. 1920 साली प्रा. वा. गो. मायदेव यांनी त्या जमवून पहिला संग्रह काढला. तेव्हा तांबे पंचेचाळिशी ओलांडलेले होते. 1935 साली माधव जूलियन यांनी त्यांची समग्र कविता संपादित केली. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, जन्माने बडोद्याचे. मध्य भारतातल्या कवीला बडोद्यात जन्मलेल्या कवीने असे महाराष्ट्रासमोर नीट उभे केले. 1932च्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, आणि तिथल्या कविसंमेलनाच्या अध्यक्षपदी तांबे होते. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसांना त्या वर्षी महाराष्ट्राने असा मान दिला.

बोलणारा कोण?

तांब्यांची कविता समजून घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की या कवितेत बोलते आहे कोण? आपण धरून चालतो की कवितेतला मी म्हणजे कवी. तांब्यांच्या बाबतीत तसे धरले की घोटाळा होतो. ब्राउनिंगच्या धर्तीवर त्यांनी मराठीत नाट्यगीत हा प्रकार रुजवला. नाट्यगीतात कवी स्वतः मागे राहतो आणि एखाद्या पात्राला विशिष्ट प्रसंगी बोलते करतो. कधी नवविवाहित तरुणी, कधी तान्ह्यापाशी बसलेली आई, कधी संध्याकाळी पत्नीला वचन देणारा नवरा. नाटकातला एकच प्रवेश उचलून गाण्यात ठेवावा तसे हे असते. काय घडले ते कोणी सांगत नाही, पात्राच्या बोलण्यावरून आपण ओळखायचे.

नवरीच्या गाण्यात बोलणारी मुलगी आहे, लिहिणारा प्रौढ, संसारी पुरुष. एवढे ध्यानात आले की लगेच दुसरा प्रश्न पडतो. या माणसाला नवरीच्या तोंडून काय बोलायचे होते?

सारखे, जणू आणि तेच

इथे आपल्याला अलंकारांची उजळणी करावी लागेल. आई सावलीसारखी आहे असे म्हटले की ती उपमा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मान्य करून त्यांच्यातले साम्य दाखवले. आई म्हणजे जणू सावलीच असे म्हटले की उत्प्रेक्षा. दोन्ही एकच असाव्यात असा भास निर्माण केला. आई ही आमची सावली असे म्हटले की रूपक. आता सारखे नाही, जणू नाही, दोन्ही एकच.

तांब्यांच्या नवरीचे गाणे याच्याही एक पाऊल पुढे जाते. नवरी म्हणजे जीव, असे ते कुठेही सांगत नाहीत. फक्त नवरीबद्दलच बोलतात. माहेर सोडवत नाही, सवयीचे अंगण डोळ्यांपुढून हलत नाही, नवऱ्याचे घर कसे असेल ठाऊक नाही, भीतीही आहे आणि ओढही आहे. शेवटी ती त्यालाच विनवते की आता तूच धीर दे आणि ने. डोळे भरून येतील, पण क्षणभरच. मग कळेल की खरे घर ते आहे. या शेवटाशी आपण दचकतो आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून ऐकतो. माहेर म्हणजे हा संसार, सासर म्हणजे पलीकडचे घर, न्यायला आलेला म्हणजे मृत्यू किंवा परमात्मा. रूपक असे आरंभापासून अखेरपर्यंत न तुटता चालवणे फार अवघड असते. एका जागी जरी धागा ओढला तरी सगळी वीण दिसते. तांब्यांनी तो ओढू दिला नाही, म्हणूनच ते गाणे लग्नात खपून जाते.

यात आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या वारकरी संतांनीही माहेराचे रूपक सतत वापरले. पण त्यांच्या अभंगांत माहेर म्हणजे पंढरपूर. विठ्ठल मायबाप, भक्त ही सासुरवाशीण, संसार हे सासर. वारी म्हणजे माहेरी जाणे. उत्तरेत नेमके उलटे आहे. कबीरांच्या पदांत हे जग म्हणजे नैहर, माहेर, आणि परमेश्वर हा प्रियकर, नवरा. जीव माहेर सोडून त्याच्याकडे जातो. तांब्यांच्या गाण्यातली दिशा पंढरीची नाही, ती कबीराची आहे. शब्द, लाज, अंगण सारे मराठी घरातले, पण रूपकाची वाट उत्तरेची. सदाशिव पेठेत वाढलेल्या कवीकडून हे गाणे असे लिहिले गेले असते का, याची शंकाच आहे. दोन भाषांच्या मध्ये राहिल्याने आपली मराठी पातळ होते अशी काळजी आपण नेहमी करतो. तांब्यांच्या बाबतीत तिला एक जास्तीची वाट मिळाली.

सूर्य मावळला

संस्कृत काव्यशास्त्रात एक जुने उदाहरण देतात. सूर्य मावळला, एवढे साधे वाक्य. शब्दांचा जो सरळ अर्थ, तो वाच्यार्थ. पण हेच वाक्य गुराख्याने ऐकले तर गुरे घराकडे वळवायला हवीत. पुजाऱ्याने ऐकले तर सायंपूजेची वेळ झाली. वाट पाहणाऱ्या बाईने ऐकले तर तो आजही आला नाही. वाक्यात नसलेला, पण वाक्यातून उमटणारा हा अर्थ म्हणजे व्यंग्यार्थ. घंटा वाजवल्यावर मागे घुमत राहणाऱ्या नादासारखा तो असतो, म्हणून त्याला ध्वनी असेही म्हणतात.

तांब्यांनी मावळत्या सूर्यावर जी कविता लिहिली, ती या उदाहरणाशेजारी ठेवून वाचावी. उगवत्या सूर्याला सारे जग नमस्कार करते. कवी मात्र हात जोडून मावळत्याला अर्घ्य देतो. दिवसभर ज्याने उजेड दिला, ऊब दिली, त्याच्याकडे संध्याकाळी लोक पाठ फिरवतात. ही जगाची रीत आहे, पण मला ती जमणार नाही, असे तो म्हणतो. सूर्याशी माणसासारखे बोलणे, त्याला उपकारकर्ता मानणे, निर्जीवाला सजीवाचे गुण देणे ही चेतनगुणोक्ती. आणि बोलायचे एकाविषयी पण रोख ठेवायचा दुसऱ्यावर, ही अन्योक्ती. लेकी बोले सुने लागे ही म्हण म्हणजे अन्योक्तीची घरगुती व्याख्याच.

या कवितेतला रोख कोणावर आहे? निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या घरची वर्दळ एका दिवसात थांबते, त्यावर. गादी गेलेल्या संस्थानिकावर. आणि अर्थात घराच्या कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्यावर, ज्याच्या कमाईवर ते घर उभे राहिले. संस्थानांच्या नोकरीत ज्याने दरबारी माणसांचे उगवणे-मावळणे जवळून पाहिले, त्याला हे सुचणे साहजिक होते. पण त्याने कोणाचे नाव घेतले असते तर ती एका दरबाराची तक्रार झाली असती. सूर्याचे नाव घेतले, म्हणून ती प्रत्येक घराची कविता झाली. वडीलधाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नका असे मुलांना कोणी सरळ सांगितले तर ती कंटाळतात. ही कविता ऐकवली तर गप्प होतात.

राणीच्या समाधीवरच्या कवितेतही मावळणे आहे. ग्वाल्हेरच्या फुलबागेत ही समाधी आहे. वाटसरूला थांबवून दोन आसवे ढाळायला सांगणारी ही कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. त्यात राणीला ज्योत म्हटले आहे, हे रूपक. ज्योत विझते, मावळतो तो सूर्य. तांब्यांनी मात्र ज्योतीला सूर्याचे क्रियापद दिले. एका क्रियापदाने लहानशी ज्योत सूर्याएवढी झाली, आणि मावळलेले पुन्हा उगवते ही आशाही न बोलता आत आली. अलंकार म्हणजे ओळीवर चढवलेले दागिने ही आपली समजूत इथे खोटी ठरते. क्रियापद काढून घ्या, कवितेचा अर्थच कमी होतो.

रिकामा घट

उतारवयात तांब्यांच्या कवितेत संध्याकाळ अधिकाधिक येऊ लागली. पूर्वी त्यांनी प्रेमाची, दांपत्यसुखाची भरभरून गाणी लिहिली होती. लोक पुन्हा तीच मागत. त्यावर त्यांनी मधाच्या घटांची कविता लिहिली. मित्र मध मागतो आहे, पण घरातले घट रिकामे झाले आहेत. आजवर भरभरून पाजला, ते आठव आणि रागावू नकोस. आता गाठीशी आहे ती नैवेद्याची एक वाटी दूध, आणि अंगणात पूजेपुरते जगवलेले कोरांटीचे झुडूप.

मध म्हणजे काय? तारुण्य म्हणावे, शृंगाराची कविता म्हणावी, जगण्याची हौस म्हणावी. अशी एक वस्तू, जिच्यामागे एकच ठरलेला अर्थ नसून अर्थांचे झुबके असतात, तिला प्रतीक म्हणतात. रूपकात कशासाठी काय उभे आहे ते सांगता येते, प्रतीकात सांगून संपत नाही. पण मध संपल्यावर कवीजवळ काहीच उरले नाही असे नाही. दूध उरले आहे. गोडी कमी, पण देवापुढे ठेवता येईल असे. म्हातारपणाविषयी इतके नेमके आणि इतके न रडता आपल्याला आणखी कसे सांगता आले असते?

मरणावर त्यांची आणखी दोन गाणी आपल्या कानांवर आहेत, आणि दोन्हींची रीत अगदी वेगळी. एकात खिन्न मनाला अंडे फोडून बाहेर ये, भरारी घे असे सांगितले आहे. फूल गळते तेव्हा फळ धरते, बीज नाहीसे होते तेव्हा झाड डोलते, तेल जळते तेव्हा ज्योत उजळते. एक गोष्ट पटवण्यासाठी तिच्यासारखी दुसरी समोर ठेवणे हा दृष्टान्त. मरणातच अमरपण आहे, असे वरवर एकमेकांशी भांडणारे पण आतून खरे असलेले बोलणे हा विरोधाभास.

दुसऱ्या गाण्यात जवळजवळ काहीच अलंकार नाही. मी गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील, सगेसोयरे डोळे पुसतील आणि कामाला लागतील, सूर्य-चंद्र आपापल्या वाटेने जातील. जसे घडते तसेच सांगितले. आपल्या काव्यशास्त्राने यालाही नाव ठेवले आहे, स्वभावोक्ती. जसे आहे तसे, पण नेमके सांगणे हाही अलंकारच. कुठे झाकावे आणि कुठे उघडे ठेवावे हे ज्याला कळते तो कवी. स्वतःच्या मरणाबद्दल बोलताना तांब्यांनी एकदा नवरीचा पदर घेतला आणि एकदा तोही बाजूला सारला.

ग्वाल्हेर संस्थानाने त्यांना राजकवी केले. 7 डिसेंबर 1941 रोजी ग्वाल्हेरलाच त्यांचे निधन झाले.

गाणी उरली

तांब्यांनी आपल्या अनेक कवितांवर राग आणि चाल लिहून ठेवली होती. त्यामुळे त्यांच्यानंतर ती गाणी गळ्यांत गेली यात नवल नाही. वसंत प्रभू आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली दिल्या आणि इंदूरला जन्मलेल्या लतादीदींनी त्या घराघरांत पोचवल्या. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आणि 1948 पासून देवासला राहिलेले कुमार गंधर्व कबीराची निर्गुणी भजने गात होते, आणि त्यांनीच तांबे गीतरजनी हा कार्यक्रम बसवला. कबीर आणि तांबे एकाच गळ्यात आले. माहेर-सासराच्या रूपकाची वाट कुमारांना वेगळी सांगावी लागली नसेल. तिकडे गोव्यात बा. भ. बोरकर यांनी तांब्यांना गुरुस्थानी मानले आणि तीच गेय परंपरा पुढे नेली. मुंगावली, देवास, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, गोवा ही सारी नावे महाराष्ट्राच्या सीमेबाहेरची. आधुनिक मराठी भावगीताचा मोठा भाग या नावांवाचून सांगताच येणार नाही.

गाणी उरली हे खरे, पण कवितेला एक धोका असतो. चाल इतकी गोड होते की शब्द ऐकू येईनासे होतात. लग्नात लावलेले ते गाणे हे त्याचेच उदाहरण. ते लग्नात लावूच नये असे मुळीच नाही. लेक सासरी जाते तेव्हा आईवडिलांच्या मनातही एक छोटे मरण असतेच, आणि कवीने ते दोन्ही एका नवरीत ठेवले. फक्त लावणाऱ्याला हे ठाऊक असावे.

घरी एखाद्या संध्याकाळी तांब्यांचे एक गाणे लावावे आणि मुलांना, नातवंडांना तीनच गोष्टी विचाराव्यात. बोलते आहे कोण? कशाबद्दल बोलते आहे? आणि न बोलता काय सांगते आहे? उपमा, अन्योक्ती, ध्वनी ही नावे नंतर सांगितली तरी चालतील. घरातल्या आजी-आजोबांना शेजारी बसवायला मात्र विसरू नये. मावळत्या सूर्याची कविता चालू असताना मुले कधीतरी मान वळवून त्यांच्याकडे पाहतील, आणि अन्योक्ती म्हणजे काय ते मग कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.